सभेत मांडलेला माझा राग

धाकटे,

काल चर्चच्या प्रार्थनासभेत उभं राहून तू म्हणालीस, "माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या रागासाठी प्रार्थना करा." सगळ्यांनी डोळे मिटले खरे, पण आधी वळून माझ्याकडे बघितलं! गायनमंडळाचा झगा तू इस्त्रीने जाळलास म्हणून मी ओरडले, कबूल. पण तुझ्या खोलीपासून माझ्या शिलाई मशीनपर्यंत दहा पावलं आहेत. आधी माझ्याकडे यायला पाय मोडले होते का?

आज सकाळी चर्चच्या पाळकबाईंनी माझ्या रागाचं कारण खोदून खोदून विचारलं. झगा कोणी जाळला ते मी सांगितलं नाही. झग्याला आतून ठिगळ लावलंय, बाहेरून दिसणार नाही. रविवारी तोच घालून माझ्या शेजारी उभी राहा.

दोरा आणायला जातेय, पाचला येईन. राग अजून उतरलेला नाही. चहा टाकून ठेव, मग दोघीच भांडू.

थोरली