मधली जागा

मी, शिवकांता केदारनाथ शेटे, वय वर्षे ६८, धंदा तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान, राहणार सिरसाळा, तालुका परळी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात लिहून ठेवते. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. रागाला दाखला लागत नाही, असे वकील उत्तरेश्वर सांगतात. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आता करण्याचे कारण चुना. ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. दुकान, त्यातील माल आणि वजनकाटा माझी एकुलती एक मुलगी रुद्राणी हिला द्यावा. जावईबापूंनी तिथे स्टीलचे डबे आणून मांडू नयेत. मांडायचेच असतील, तर पाटीवरचे माझे नाव आधी पुसावे.

कलम २. माझ्या गळ्यातले इष्टलिंग समाधीत माझ्यासोबत, माझ्या तळहातावर जाईल. त्याची चांदीची करंडी रुद्राणीची. पाटल्या आणि बोरमाळ तिच्याच. मंगळसूत्राचे काय करायचे ते मला सुचलेले नाही. तिने ठरवावे, मला विचारू नये.

कलम ३. माझी जाऊ संगीता हिने भर हळदी-कुंकवात, चार बायकांपुढे, "शिवकांताचं मन लई मोठं हाय" असे म्हटले होते. तेव्हापासून गावात हेच चालते. बाई सोसते म्हटले की लोक तिचे मन मोठे करून टाकतात आणि आपापल्या घरी जेवायला जातात. मला या कौतुकाची शिसारी आहे. संगीताला माझ्या घरातले सर्वांत मोठे पातेले द्यावे. ते लग्नाकार्याचे आहे, तिच्या स्वयंपाकघराच्या दारातून आत जाणार नाही. तरी द्यावे.

कलम ४. हे कलम धर्मापुरी शिवारातील शेताचे. शेत सासऱ्यांनी माझ्या नावे घेतले होते आणि आजही माझ्याच नावावर आहे, हे माझे पती केदारनाथ सोयीने विसरतात.

आमच्या लग्नाला थोडी वर्षे झाली होती, तेव्हा आम्ही कपिलधारला दर्शनाला गेलो होतो. दर्शन झाले, प्रसाद घेतला, आणि धबधब्याच्या अलीकडे बसलो असता हे म्हणाले, "हितं खोटं बोलवत न्हाई म्हणून सांगतो. माझा जीव वनमालावर बी हाय. तुझ्यावरचा कमी झाला न्हाई. मला दोघी पायजेत. तुला बी कुणी आवडलं, तर माझी ना न्हाई."

वनमाला म्हणजे आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारी, नवऱ्याने टाकलेली, शिवणकाम करणारी बाई. तिचे नाव ऐकून मला राग आला. पण शेवटचे वाक्य ऐकले आणि तोंडातला प्रसाद मी पदरात थुंकला. देवाच्या दारी प्रसाद थुंकायला लावणारा माणूस मला मिळाला.

हे खोटे बोलले असते तर मी भांडून मोकळी झाले असते. खरे बोलणाऱ्याशी भांडायला जागाच मिळत नाही. सोमवारचा उपास हे माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खाऊन धरतात आणि संध्याकाळी वनमालाबाईंकडे सोडतात. जाताना मला सांगून जातात. येताना तिने दिलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन येतात आणि "चांगली झालीय, बघ" म्हणतात. दुकानात माल घेऊन येणाऱ्या त्रिंबक व्यापाऱ्याशी मी एकदा मुद्दाम हसून, लांबवून बोलले. यांच्या कपाळावर आठी यावी, एवढीच इच्छा. यांनी त्रिंबकला चहा पाजला आणि पुढच्या खेपेला जेवायला बोलावले.

मला यांच्याशिवाय दुसरा कोणी नको होता. आजही नको आहे. या गोष्टीचीही मला किळस येते, पण ती खरी आहे, म्हणून लिहिली.

आता चुना. आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. गेल्या श्रावणात वनमालाबाईंनी जंगमांकडून, म्हणजे आमच्या गुरूंकडून, लिंगदीक्षा घेतली. मला वाटले, म्हातारपणी देव आठवला. मग एक दिवस हे मला शेतात घेऊन गेले. सासऱ्यांच्या समाधीजवळ चुन्याने तीन चौकोन आखले होते. मधल्यात स्वतः उभे राहिले, दोन्हीकडे हात पसरले आणि म्हणाले, "ही तुझी, ही तिची. कशी काढली जागा?" एखाद्याने नव्या घराच्या खोल्या दाखवाव्यात तसा चेहरा होता. मी तिथेच ठरवले की कागद करायचा.

कलम ५. वनमालाबाईंना माझे शिलाई मशीन द्यावे, त्यांचे जुने झाले आहे. मी खुब्याचे हाड मोडून पडले होते, तेव्हा त्या रोज येऊन माझी वेणी घालत. चांगली घालत. त्यामुळे मला त्यांचा धड तिरस्कारही करता आलेला नाही, आणि याचाही राग या मृत्युपत्रात धरावा.

कलम ६. शेत रुद्राणीला मिळेल, ते पुढील अटीवर. चुन्याच्या रेघा मी पुसून टाकल्या आहेत. नवी आखणी अशी: ओढ्याच्या बाजूला दगडी बांध आहे. बांधाला लागून पहिली जागा माझ्या पतींची. त्यानंतर माझी. माझ्यापलीकडे वनमालाबाईंची. कोण आधी गेले, कोण मागून गेले, याने क्रम बदलणार नाही. मध्ये मी.

कलम ७. राहत्या घरात पतींनी हयातभर राहावे. वनमालाबाई तिथे राहायला आल्या तर रुद्राणीने तोंड वाकडे करू नये, ते काम माझे होते. मात्र माझा पलंग तत्पूर्वी बाहेर काढून विकावा.

हा मसुदा काल वकिलांनी घरी वाचून दाखवला. हे शेजारी खुर्चीवर होते. मला वाटले, कलम सहाला तरी यांचा चेहरा उतरेल. हे खुलले. म्हणाले, "लई बेस केलंस. तुमी दोघी शेजारी शेजारी म्हणल्यावर मला आता कशाचा घोर न्हाई." कपिलधारला धरला होता तसा मी पदर तोंडाशी धरला. वकिलांनी हळूच विचारले, कलम बदलायचे का. मी नको म्हटले. यांना कशाचा आनंद झाला ते यांच्यापाशी. यांच्या एका अंगाला दगडाचा बांध असेल आणि दुसऱ्या अंगाला मी. तिसरे अंग माणसाला नसते.

कलम सहा कायम.

ठिकाण: सिरसाळा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: शिवकांता केदारनाथ शेटे

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर सह्या केल्या:
१. शिवशरण स्वामी, राहणार सिरसाळा
२. शहादेव मुंडे, राहणार धर्मापुरी, शेताचे बांधकरी, म्हणजे बांधापलीकडचे शेजारी. बांध जिथे आहे तिथेच राहील, असे यांनी तोंडी कबूल केले आहे.