खोडाला हात लावून बघ

ता. ६ फेब्रुवारी

चि. नानू यास अक्काचे अनेक उ. आ.

काल संध्याकाळी सुखरूप पोचले. डॉक्टरीणबाईंनी लेकीला बाळंतपण होईपर्यंत पाय खाली टेकवायला मनाई केली आहे. त्यामुळे ती पलंगावर आणि मी तिच्या उशाशी, असं आमचं राज्य सुरू झालं. जावई भला माणूस, पण दूध उतू गेल्याशिवाय त्याच्या हातातलं वर्तमानपत्र सुटत नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरचं सायकल दुरुस्तीचं दुकान दिसतं, आणि झाड म्हणशील तर औषधालाही नाही.

म्हणून जीव तिथेच, तुझ्या घरामागच्या तिखटसालीच्या झाडांत अडकला आहे. तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची तुझी सवय लहानपणापासूनची. फळ पिकून पडलं की बी धुऊन त्याच दिवशी वाफ्यात टाक. आफ्रिकेच्या दमट जंगलातलं बी ते; डब्यात भरून ठेवायचं नाही. वाळलं की मेलं. तुझे मेव्हणे तिकडे रस्त्याच्या कामावर होते, तेव्हा त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून फळं आणली. वाटेत स्वतःच्या वाटणीचं पाणी त्या फडक्याला पाजलं. आज ते नाहीत, झाडं आहेत. फाटकाजवळचं तर त्यांच्या हातचं.

कोणी खोकल्याला, तोंड आलं म्हणून औषध मागायला आलं तर मूठभर पानं दे. साल कोणालाही नाही. तिकडच्या रानात लोकांनी सोलून सोलून ही झाडं संपवत आणली, म्हणून तर आपला हा खटाटोप. पानांतही तोच तिखटपणा, तोच गुण. आणि पान पुन्हा येतं.

चि. सौ. मैनाला आशीर्वाद. तिला म्हणावं, नवऱ्याच्या हाती झारी दे, पण पाणी कुठून पडतं ते आधी दाखव.

माया आहेच, तिला अधूनमधून चार ओळींचं खत घालत जा.

तुझी अक्का

---

ता. २० फेब्रुवारी

ती. अक्कास नानूचे सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तू गेल्यापासून घरात मला रागवायला कोणी नाही असं वाटून मैनाने ते काम अंगावर घेतलं आहे, तेव्हा काळजी नसावी. सकाळी औषधांचं दुकान उघडण्याआधी मी स्वतः पाणी घालतो. बी टाकलं. काही कोंब वर आले आहेत.

पानांचं मात्र कठीण दिसतं. दुकानात आलेल्या माणसाच्या हातावर पाला ठेवला की तो माझ्या तोंडाकडे बघतो. कोपऱ्यावरच्या वेल्डरचा खोकला महिनाभर हटेना. त्याला पानं दिली तर म्हणाला, हे शेळीला घाल, मला औषध दे. तू देतेस तेव्हा लोक मुकाट्याने घेतात. मी पडलो अक्काचा भाऊ! दुकानाच्या पाटीवर माझं नाव आहे खरं, पण ती रंगवणाऱ्यालाही मी अक्काचा भाऊ म्हणूनच माहीत.

एक विचारायचं होतं. तू येईपर्यंत आपण गुटी कलमं बांधून ठेवावीत असं मनात आहे. तुला तेवढंच आश्चर्य! पण साल अखंड, न फाटता सुटायला सुरी कशी धरायची आणि कोणत्या हवेत ती सहज सुटते, ते नीट लिही.

भाचीला आशीर्वाद. लोभाची खात्री आहे, म्हणून मागत नाही.

तुझा नानू

---

ता. १ मार्च

चि. नानू यास अनेक उ. आ.

तुझं पत्र लेकीला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, आई, तू रडतेस काय, मामाने कलमं बांधायचं म्हटलंय, कोणी गेलं नाही. तुला काय सांगू! इतकी वर्षं या झाडांपायी मला वेडी म्हणत आलास, आणि आज सुरी कशी धरायची ते विचारतोस.

तर ऐक. झाडाला नवी पालवी फुटत असते तेव्हा सालीखाली ओल असते. सकाळी लवकर कर. सुरी पातळ हवी, आणि ती दाबायची नाही, नुसती टेकवून फांदीभोवती फिरवायची. दोन बोटं सोडून दुसरा वेढा. मग दोन्हींना जोडणारी एक उभी चीर दे आणि पात्याच्या पाठीने अलगद उचल. चांगल्या हवेत साल मोज्यासारखी उतरते. उघड्या जागेवर ओलं शेवाळ, वरून प्लॅस्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं, ते तिथे अडतं आणि मुळ्या धरतात.

पण हे पेन्सिलीएवढ्या फांदीवरच. खोडाला असा वेढा कधीही देऊ नकोस. खोडाची साल सगळ्या बाजूंनी गेली की खालची मुळं उपाशी मरतात. झाड मात्र कित्येक महिने हिरवंच दिसतं, कधी कधी मरायच्या आधी फुलांनी लगडतंही. बघणाऱ्याला वाटतं, काय बहरलंय!

मैनाला हे पत्र वाचून दाखव. तिचा हात तुझ्यापेक्षा हलका आहे, शेवाळ तिला बांधू दे.

आज तुझ्यावर इतका लोभ आहे की पाकिटात मावत नाही.

तुझी अक्का

---

ता. २ एप्रिल

ती. अक्कास सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. हल्ली दुकानात उसंत मिळत नाही. झाडं हिरवीगार आहेत. यंदा तर अशी फुलली आहेत की तू बघायला हवी होतीस. फाटकाजवळच्याला पानापेक्षा फूल जास्त.

वेल्डरचा खोकला गेला. त्याने ते साऱ्या गल्लीला सांगितलं. परवा शिंप्याने मला रस्त्यात थांबवून डॉक्टरसाहेब म्हणून हाक मारली, मी मागे वळून बघितलं, दुसरं कोण आहे म्हणून! बँकेच्या मॅनेजरांच्या आई रिक्षा करून आल्या आणि डोक्यावर हात ठेवून गेल्या. या वयात कोणी असा हात ठेवला की बरं वाटतं.

गुट्या बांधल्या आहेत, मुळ्या दिसल्या की कळवीन. मैना जरा अबोल झाली आहे. उन्हाचा त्रास असेल.

तुझा नानू

---

ता. १० एप्रिल

चि. सौ. मैनास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या नावाने पाठवते आहे, तूच उघड.

नानूने फुलांचं लिहिलं आणि माझ्या हातातला कप खाली ठेवावा लागला. हा त्या झाडांच्या फुलण्याचा काळ नाही. मी त्याला मार्चमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की खोड सोललेलं झाड मरायच्या आधी असं फुलतं. एवढं वाचूनही तो फुलांचं कौतुक कसं लिहितो, हे मला कळेना. माझं मन वाईट, असंही स्वतःला म्हणून बघितलं.

तू एक कर. फाटकाजवळच्या झाडापाशी जा आणि खोडाला हात लावून बघ. जमिनीपासून डोक्यापर्यंत, चारी बाजूंनी. आणि जे हाताला लागेल ते मला लिही. तू या घरात आलीस तेव्हापासून मला खोटं बोललेली नाहीस. आता सुरुवात करू नकोस.

अक्का

---

ता. १७ एप्रिल

ती. वन्संस मैनाचे शि. सा. न. वि. वि.

हात लावून बघायची गरज नव्हती. मला माहीत होतं.

फाटकाजवळच्या झाडाला माझ्या गुडघ्यापासून खांद्यापर्यंत साल नाही. बाकीच्यांनाही कुठे हातभर, कुठे दोन हात, पण वेढा सगळ्यांना पुरा झाला आहे. आत पांढरं लाकूड होतं ते आता तपकिरी पडलंय. गुटी म्हणून एकही बांधलेली नाही. वाफ्यातले कोंबही पाण्यावाचून वाळले.

आधी वेल्डरसाठी एक पट्टी काढली. त्याला बरं वाटलं. मग त्याचा मेव्हणा आला, मग गल्ली, मग पलीकडची गल्ली. लोक दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे आणि हे बाहेर आले की उठून उभे राहायचे. ते उभे राहिले की यांची मान कशी ताठ व्हायची ते मी बघायची. मी नको म्हटलं नाही असं नाही. हे म्हणाले, नखं कापली की वाढतात ना, तशीच साल. मी ते धरून चालले. धरून चालणं सोपं होतं. टोपली मीच धरली, वन्सं, मिक्सरमध्ये वाटलीही मीच.

तुमचं मार्चचं पत्र यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. सुरी कशी धरायची ते सगळं वाचलं, शेवाळाचं वाचलं, माझा हात हलका आहे तेही वाचलं. खोडाचं वाचलं नाही. तुम्ही असं काही लिहिलं होतं हे मला आज तुमच्याकडून कळतंय. तेव्हा फाटकाजवळच्या झाडाची मागची बाजू अजून शाबूत होती.

यांना मी अजून काही बोललेले नाही. तोंड उघडलं तर बंद होणार नाही अशी भीती वाटते. काय करू ते कळवा.

तुमची मैना

---

ता. २० एप्रिल

मैना,

लेकीला रात्रंदिवस जपावं लागतंय, मी निघू शकत नाही. तेव्हा हे तुलाच करायचं आहे.

सुताराकडून बारीक दाताची करवत आण. प्रत्येक झाड जखमेच्या खाली, तिरकं कापून टाक. हो, कापून टाक. मुळांत जीव असेल तर खुंटाला फुटवे येतील. फाटकाजवळच्यापासून सुरू कर, म्हणजे बाकीची सोपी जातील. पडलेल्या फांद्यांच्या शेंड्याकडच्या काड्या घे, वीतभर, ना कोवळ्या ना जून. फुलं खुडून टाक, वरची दोन पानं ठेव आणि तीही अर्धी कापून. भरड वाळूत खोच, वरून प्लॅस्टिकचा तंबू कर, सावलीत ठेव. पुष्कळ कुजतील. कुजलेली रोज काढ, शेजारच्याला लागतं.

टोपली तू धरलीस, त्याचं मागाहून बोलू. काड्या आधी लाव.

अक्का

---

ता. १६ मे

ती. अक्कास सा. न. वि. वि.

भाचीला मुलगी झाल्याचं जावयांकडून कळलं. तू कळवलं नाहीस. आनंद झाला.

मी गावात नसताना माझ्या बायकोकडून माझ्या घरामागची झाडं तू तोडून घेतलीस. मग मारली कोणी, मी की तू? ती उभी होती, हिरवी होती. मी कोणाला विष दिलं नाही, खोकला बरा केला. तुझे यजमान एकदा परदेशी गेले आणि तू जन्मभर झाडवाली अक्का झालीस. मी तीस वर्षं गोळ्यांची पाकिटं कापून विकली, माझ्यासाठी पायरीवरून कोणी उठलं नाही. दोन महिने उठले. तेवढं तुला बघवलं नाही.

आता लोक येतात आणि परत जातात. शिंपी परवा बघून न बघितल्यासारखा गेला. तुझ्या ओळखीत कोणाकडे ही झाडं असतील तर पत्ता कळव, अगदी थोडी साल चालेल. निदान दुकानात लावायला दोन ओळी लिहून दे की पानांनाही तोच गुण आहे. तुझ्या अक्षरावर लोकांचा विश्वास बसेल.

मैना माझ्याशी बोलत नाही.

नानू

---

ता. २८ जून

चि. नानू यास,

बाळ-बाळंतीण ठीक आहेत.

मैना काल इथे आली. बसमध्ये काड्यांचं खोकं मांडीवर घेऊन बसली होती, पाय सुजले आहेत. पुष्कळ कुजल्या, ज्या जगल्या त्यांना पांढऱ्या मुळ्या आहेत, मी मोजल्या नाहीत, नुसत्या बघत बसले. जावयाने गच्चीवर सावली केली आहे. पुढे त्या जिथे लावीन, ती जागा तुला कळवणार नाही. मैनाशी मी अजून धड बोललेले नाही, पण पाय शेकायला पाणी दिलं. ती परत येईल की नाही ते तिने स्वतः तुला लिहायचं. मी विचारलेलं नाही.

खुंटांना फुटवे आले, असं ती सांगते. फाटकाजवळच्याला नाही.

तू म्हणतोस मला बघवलं नाही. नानू, तू साल मागितली असतीस तर दिली असती. एका बाजूची, तळहाताएवढी, वर्षातून एकदा, झाडाला पेलेल इतकी. वेल्डरच्या हातावर तूच ठेवली असतीस आणि लोक तुझ्यासाठीच उठले असते. तू साल मागितलीच नाहीस. तू सुरी कशी धरायची ते मागितलंस, आणि मी रडले आनंदाने.

पानांबद्दल दोन ओळी लिहून देणार नाही. पानं कुठे आहेत?

मैना सांगते, तू मागच्या फाटकाला हल्ली कुलूप लावतोस. लावत जाऊ नकोस. नेण्यासारखं आता तिथे काही राहिलेलं नाही.

अक्का