नव्वदला झुललेली गाडी

बाबा, तुमच्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या बाबतीत राग काढायला दुसरं माणूस सापडत नाही.

मागच्या महिन्यात मी नाशिक हायवेवर मोटरसायकलसकट पडले. मी आता सोलर पंप दुरुस्त करते. शहापूरला राहते, कधी डोळखांबचे पाडे, कधी कसाऱ्याकडची गावं, अशी रोजची फिरती. सामानासाठी सीटच्या मागे मोठी पेटी बसवून घेतली होती. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बिनधास्त भरा, काय होत नाय." मी हत्यारं भरली, वर एक बॅटरी ठेवली. हायवेला नव्वदच्या स्पीडने एका कंटेनरला मागे टाकलं. त्याच्या आडोशातून बाहेर पडले तसा वारा बाजूने पेटीवर आदळला आणि गाडीचं मागचं अंग डावी-उजवीकडे झुलू लागलं. हँडल इतकं हलकं, की पुढचं चाक रस्त्याला टेकलंय की नाही कळेना. मी घाबरून ते घट्ट आवळलं, तर झुलणं वाढलंच. मग ब्रेक दाबला आणि कडेच्या मातीत जाऊन पडले. कोपर सोलपटलं, एवढ्यावर भागलं.

मातीत बसल्या बसल्या मुरबाडचं दूध केंद्र आठवलं. मी सोळा वर्षांची आहे. वैशाखऱ्याहून आणलेलं दूध ओतून तुम्ही रिकामे कॅन पुन्हा मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना अडकवताय. मला एसटीने घरी जायचंय, पण मदत म्हणून मी पेंडेची गोणी पार मागे, कॅरिअरच्या टोकाला बांधते. तुम्ही सगळ्यांसमोर दोर सोडता.

"पुढं घे गो. माझ्या पाठीला लागून."

"का पण?"

"का काय? सांगितलं ते कर."

तिथली माणसं हसली. त्यानंतर मी तुम्हाला गाडीतलं काही विचारलं नाही.

त्या 'का'चं उत्तर मला पडून मिळालं. वजन मागच्या चाकाच्याही मागे गेलं, की पुढचं चाक उचलल्यासारखं होतं. एका वाक्याची गोष्ट होती, बाबा. आता बॅटरी आणि हत्यारं दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, खाली, मांडीजवळ असतात. पण पेटी रिकामी ठेवून, रस्ता मोकळा बघून पुन्हा वेग वाढवला, तर ऐंशीच्या पुढे हँडल परत डुलायला लागलं. आत काहीच नव्हतं, नुसती रुंद पेटी वारा अडवत होती. ती मी काढून टाकली. तुमची गाडी कधी चाळीसच्या वर गेली नाही, त्यामुळे वाऱ्याचं तुम्हालाही बहुधा ठाऊक नसणार. मग निदान 'मला एवढंच ठाऊक आहे' असं तरी म्हणायचं होतं. मी पुढचं कुणाला तरी विचारलं असतं. तुम्ही विचारायचीच लाज वाटायला लावली, आणि दुकानदाराचं मी मुकाट्याने ऐकून घेतलं.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? घडी घालून कपाटात ठेवते. नवऱ्यालाही दाखवणार नाही, कारण घरी मी कुत्रं आडवं आल्याचं सांगितलंय आणि तो बिचारा अजून त्या कुत्र्याला शिव्या घालतो.