आईंची खोली आणि सात हात व्हिनाईल

३ जानेवारी २०२५, शुक्रवार
आई पुन्हा घसरल्या! माझ्या सासूबाई, वय त्र्याहत्तर, आणि नागपुरातल्या बेसाच्या आमच्या फ्लॅटमधली ती गुळगुळीत टाइल. हाड शाबूत, पण राग आभाळाला. "मले उमरेडले पोहचवून दे. तिथली सारवलेली जमीन पाय धरून ठेवते." उमरेडच्या त्यांच्या पुतण्याला फोनही केला. तो बारा तारखेला, रविवारी, गाडी घेऊन न्यायला येणार.
त्याआधी त्यांच्या खोलीत टाइलवर न घसरणारं व्हिनाईलचं अंथरण घालायचंच. पण घालणार कोण?

५ जानेवारी, रविवार
सदर बाजारातल्या दुकानातून व्हिनाईलची गुंडाळी आणली. कारागीर खोली बघून गेला. फरशीवर तीनदा टकटक केलं, डॉक्टर छातीवर करतात तसं. "मॅडम, हे घरच्यांचं काम नाही. फुगे येतात." परवा येतो म्हणाला.
नवऱ्याने, अभिजीतने, तीन व्हिडिओ पाहिले. "कारागीर कशाला? मीच करून टाकतो!" त्याने लावलेला पडद्याचा दांडा गेल्या वर्षी माझ्या डोक्यात पडला होता. मी कारागिराच्या बाजूची.

८ जानेवारी, बुधवार
'परवा' काल होऊन गेला. फोन केला. "निघूनच राहिलो, मॅडम!" कालही निघूनच राहिला होता.

९ जानेवारी, गुरुवार
आईंची पिशवी भरून दाराशी. मी गुपचूप शाल बाहेर काढली. त्यांनी गुपचूप परत भरली. वीस वर्षं माझ्या भाजीला नावं ठेवणारी ही बाई गेली, तर मी चिडून स्वयंपाक करायचा कुणासाठी?

१० जानेवारी, शुक्रवार
ठरलं — मीच घालते! कारागीर गेला उडत. अभिजीत हिंगण्याला कंपनीत, आणि मोजायचा टेप त्याच्या बॅगेत. आई पलंगावरून म्हणाल्या, "टेप काहून पाहिजे वं? हात कशासाठी देले देवानं?" खाली बसून, सरकत सरकत, कोपरापासून बोटापर्यंत हात टेकवत खोली मोजली. "सात हात." गुंडाळीवरही त्यांनीच मोजलं. मी कापलं.

११ जानेवारी, शनिवार
चिकटवलं! एकच फुगा आला — लाटण्याने लाटला. आणि मग खिडकीखाली बघते तर हातभर टाइल उघडी! भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत!
अभिजीत हसून लोळला. "आईचा हात थंडीनं आखडला!" तीस वर्षं मागावर नऊवारी विणली, बोटभर कमी पडू दिली नाही, त्या आई तोंड फिरवून बसल्या.
उद्या गाडी. उघड्या टाइलवर पायपुसणी पसरली. बरी दिसेनात. बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं.

१२ जानेवारी, रविवार
गाडी आली. पुतण्याने पिशवीला हात लावला नाही. उलट उमरेडच्या घरातली आईंची लांबलचक लोखंडी पेटी गाडीतून उतरवली. शुक्रवारी मी कटर शोधत होते, तेव्हाच आईंनी त्याला फोन करून मागवली होती म्हणे!
पेटी खिडकीखाली नेमकी बसली. उघडी टाइल टोकापासून टोकापर्यंत झाकली गेली.
"मोजतानाच जागा सोडली होती," आई शाल पिशवीतून काढत म्हणाल्या. "पेटीखाली कोण घसरते वं?"