भिंतीवरचे हात

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. खापा.

उद्या बाबांची तेरवी, म्हणून त्यांच्या लोहारदुकानाच्या काळ्या भिंतीला आज चुना मारला.

दुपारी शेजारच्या गंगाकाकू आल्या. "माहा हात काहून पुसला गा? मास्तर झाला, अन् भिंत वाचता नाही आली तुले?"

मग त्यांनीच सांगितलं: विळ्याची मूठ मापाने बसवायला बाबा गिऱ्हाइकाचा पंजा कोळशाने भिंतीवर काढायचे, आजोबांपासूनची रीत. मी शाळेपासून नागपुरात. मला काजळीच दिसली. बाबांना कधी विचारलं का नाही?

"तुह्या मायचाही होता तिथं," काकू म्हणाल्या.

आईचा हात. काकू घरी गेल्यावर ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. आधी चुना गेला, मग खालचा कोळसाही.

एकट्यापुरता भात टाकला.