पाठवणीच्या वेळी मी का रडलो नाही

डोंबिवली (पूर्व)

तीर्थरूप उत्तराताईस धाकट्या हरिहरचा साष्टांग नमस्कार.

तुझा नवा गुडघा कसा आहे? जिने चढतेस की अजून लिफ्टचीच वाट बघतेस? ठाण्याला फोन लागतो हे मलाही ठाऊक आहे, पण फोनवर सुमती मध्ये बोलते आणि माझी बाजू राहून जाते.

गुडघ्यामुळे तू देवयानीच्या लग्नाला नव्हतीस. तरी मुलीच्या पाठवणीला बाप रडला नाही, ही बातमी तुला पोचली असेलच (आपल्याकडे दुसरं काही इतक्या वेगानं पोचत नाही). त्याचं असं झालं. नैराश्यावरच्या गोळ्या धडधाकट माणसाला दिल्या तर त्याच्या मनावर आणि विचारांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास आमचा डॉक्टर प्रभाकर करतोय. त्याला निरोगी माणसं हवी होती. साठीनंतर कुणी मला निरोगी म्हटलं, एवढ्यावरच मी सही केली. सहा आठवडे रोज एक गोळी, आणि दर शनिवारी कल्याणला जाऊन पडद्यावरचे चेहरे ओळखायचे : हा आनंदी, हा दुःखी, हा रागावलेला. पहिल्या शनिवारी सगळे बरोबर आले. चौथ्या शनिवारी एक बाई ढसाढसा रडत होती, तिला मी "सर्दी झालीय" म्हणून मोकळा झालो.

घरात मात्र आनंदीआनंद. केटररनं बासुंदीऐवजी फ्रूट सॅलड ठरवलं, मी म्हटलं, "चालेल." व्याह्यांनी ऐन वेळी चाळीस माणसं वाढवली, "चालेल." सुमती शेजारणीला सांगायची, "हे असेच राहिले तर मी अष्टविनायक करीन."

मग पाठवणी. सासर शहाडला, म्हणजे जेमतेम तीन स्टेशनं. तरी सगळे रडत होते, व्याहीसुद्धा. देवयानी माझ्या गळ्यात पडली. मी तिचा चेहरा नीट निरखला आणि विचारलं, "झोप झाली नाही का गं?"

ती म्हणाली, "बाबा, मी चालले."

मी म्हटलं, "चालेल."

तेव्हापासून ती फक्त सुमतीच्या नंबरवर फोन करते.

गोळ्या संपून महिना झाला. परवा बाजारात कारली दिसली. आमच्याकडे ती एकट्या देवयानीला आवडतात. अर्धा किलो घेतली आणि तिथेच मला रडू कोसळलं. भाजीवाली जाईबाई घाबरून म्हणाली, "काका, कडू नाय निघणार ओ!"

गुडघा जप.

तुझा,
हरिहर

ता. क. देवयानी आत्याचं ऐकते. तिला सांग, बाबाचा दोष नव्हता, औषधाचा होता.

ता. क. २ : निम्म्या लोकांना खरी गोळी होती, निम्म्यांना नुसती साखरेची. मला कुठली होती ते प्रभाकरनं बंद पाकिटातून कळवलंय. पाकीट सोबत पाठवतोय. मी फोडलेलं नाही. तूही फोडू नकोस. पण तिला सांगताना ठामपणे सांग.