बारशाला कुर्र कोणी केलं

८ जाने.
सगळं परतूर खोकून राह्यलं. आजच्या लग्नात मंगलाष्टकाला नवरदेवाचे मामे, नवरीचे मामे, वर एक रिटायर तलाठी. एकच माईक, गिळायचा तेवढा बाकी ठेवला. माईकचा स्पंज पिळला असता तर पाणी निघालं असतं. "चार बोटं लांब धरा, आवाज साफ येतो." सायकलीला एक भोंगा बांधून धंदा सुरू केला तवापासून सांगतोय. कोण ऐकतं!
घरी मागल्या दारानं. साबणानं हात-तोंड, कपडे बदलले, मंग आत. पोरगी सरला बाळंतपणाला आलेली, नातू आठ दिवसांचा. डॉ.नी बजावलंय : फ्लूची साथ आहे, एवढ्या लेकराला लस देता येत न्हाई, माणसांपासूनच जपा.

९ जाने.
दारात खुर्ची टाकून बसलो. नियम एकच, खोकणाऱ्याला आत जागा न्हाई. वायर कुठं तुटली ते खरखरीवरून सांगणारा माणूस मी, घसा काय चीज आहे?
मेहुणी छबू गल्लीच्या तोंडाशी खोकली, तिथंच ओळखली. पदर लावून म्हणते, "दाजी, शेंगदाणा अडकलाय." म्हणलं, उतरला की ये. रात्री बायकोनं, मंदानं, जेवायला वाढलं. बहिणीच्या वतीनं भाजीतलं मीठ बोललं.

१० जाने.
केदारखेड्याचं लग्न. रफिकभाई अन् मी, जाऊन-येऊन सहा तास टेम्पोत. थंडी मरणाची, काचा बंद. वीस वर्षं माझा ऑपरेटर आहे, पण आजच्यासारखा गायला न्हाई कधी. एका डब्यात जेवलो. ना शिंक, ना खोकला. सगळी माणसं अशी असती तर…

१२ जाने.
बारसं. त्रिसरण-पंचशील झालं. कुर्र करायला जावयाची बहीण शीला, अंकुशनगरहून. शाळेत शिकवते. "जयभीम मामा" म्हणाली अन् मी चमकलो. घसा पार बसलेला.
बाजूला घेतलं. "अंगणात माईक आहे, तिथून नाव घे. बाळालाही ऐकू जाईल, गल्लीलाही."
"मामा, मी आत्या आहे का लाऊडस्पीकर?"
"तुझा घसा…"
"स्नेहसंमेलनात ओरडून बसलाय. सर्दी बिलकुल न्हाई."
म्हणलं, छबूचा शेंगदाणा, तुझं स्नेहसंमेलन. सगळ्यांकडं कायतरी असतंच! मी हटलो न्हाई. शेवटी बाळ मीच घेतलं, कानाला तोंड लावून तीनदा कुर्र केलं. सम्यक. आत्याच्या पाठीवरचे धपाटे मलाच पडले, बायका हसल्या. शीलानं झबलं पाळण्यावर ठेवलं अन् न जेवता गेली.

१३ जाने.
सकाळी उठलो तो अंग ठणकतंय, ताप. रफिकभाईला फोन, आजचं काम तू एकटा बघ.
"सेठ, मैं तो परसों से पड़ेला हूँ. घर में बारसा था, आपको काहे को बोलना."
डॉ.ना सगळं सांगितलं. म्हणाले, "आप्पा, ताप-खोकला यायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्यांना फ्लू वाटायला लागतो. बोलताना, गाताना, श्वासातून. बंद टेम्पोत सहा तास, अजून काय पाहिजे?"
म्हणजे ते आवाज न करताच येतं. अन् मी दारात बसून आवाजाची राखण करत होतो! परवा कानाशी लावलं, न्हाई, कालच. कालच लावलं तोंड.
बाळाचं विचारलं. चार दिवस बघा म्हणाले. ताप आला, पिणं कमी झालं, श्वास भरभर व्हायला लागला तर थांबायचं न्हाई, जालन्याला न्यायचं. सरलानं मास्क लावून पाजत राहायचं.
दवाखान्यातून थेट गोदामात. सतरंज्यांवर मुक्काम.

१४ जाने.
ताप उतरला, परत चढला. जावयाचा फोन : शीला ठणठणीत. शाळेचा माईक बंद पडला, तीन दिवस पोरांना तोंडानं आवरलं. ओरडून बसलेला घसा वेगळा, सर्दीचा वेगळा. तीस वर्षं दोन्ही ऐकतोय. त्या दिवशी ऐकलंच न्हाई, आधीच ठरवून बसल्तो.
शीलाला मेसेज टाकला. चुकलो, मी बरा झालो की ये, पुन्हा तू कुर्र कर. उत्तर आलं, "आधी अंगणातल्या माईकवरून माफी मागा. गल्लीला ऐकू गेली पाहिजे." बराबर आहे तिचं.
डबा घेऊन छबू. गोदामाच्या शटरबाहेरून, "दाजी, शेंगदाणा अडकला का?"

१५ जाने.
तिसरा दिवस. सरलाला फोन पाळण्याजवळ ठेवायला सांगितला, मी हेडफोन लावला. पितोय, चुरूचुरू ऐकू येतं. मंग झोपला. श्वास मोजायला लागलो, चुकलो, पुन्हा मोजला. दरवेळी वेगळा आकडा.
आता शिंकला. एकदाच. तान्ही लेकरं तशीही शिंकतात, डॉ. म्हणलेत.
"आप्पा, ऐकलं का? साधीच आहे ना?"
वायर असती तर सांगितलं असतं. म्हणलं, बाई, मला विचारू नको, ताप बघ.
"लावलंय. थांबा."
थर्मामीटरची पीप अजून वाजली न्हाई